उकार

धसईच्या खालच्या अंगाला आमचं खाचर.
भात निघाला की त्यातच वाल टोकायचा.
पाणी द्यायचं नाही,
उरल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर तो येतो.
येत होता.

चार वर्षं झाली, विहिरीकडच्या कोपऱ्यात
फुलावर आलेलं झाड दुपारी मान टाकतं.
सांजेला वाटतं, सावरेल.
तिसऱ्या दिवशी उपटून चिरलं तर
देठ आतून तपकिरी,
विझल्या वातीसारखा.

ह्याला मर म्हणतात.
रोगाचं नाव असं, जसा कुणी हुकूम सोडावा.
आणि आमच्याकडे शेतीची सुरुवातच दुसऱ्या हुकमाने:
राब.
ऐनाच्या टहाळ्या, शेण, पातेरा
रचायचा नि पेटवायचा, राखेत भात पेरायचा.
राब, मर.
दोन शब्दांत आपली पंचक्रोशी आटपते, मी म्हटलं.
आत्याबाई हसल्या नाहीत.

यंदा राबाचा अर्धा पातेरा मी वाचवला.
चोरला म्हणा.
वालाची फोलं, नाचणीचं काड, तूस,
गोठ्यातली झाडलोट, वर गोमूत्र,
आणि मधोमध तीच मेलेली झाडं.
"मेलेलं पुन्हा शेतात नेतेस?"
उत्तर माझ्याकडे नव्हतं, सळई होती.
ढिगात खुपसली,
पाचव्या दिवशी ओढून त्यांच्या हातात दिली.
त्यांनी टाकूनच दिली ती.
काडी न ओढता ढीग आतल्या आत भाजत होता.

मुनाफ गावची भेंडी घेऊन वाशीला जातो,
परतताना टेंपो रिकामा.
बाजारात कोबीची बाहेरची पानं
ढिगाने पडलेली असतात, भाव नसलेली.
ती आणली त्याने सात खेपा.
टेंपो धुण्याचे शंभर वेगळे घेतले.
मोहरी वाटताना नाकात चढतं ना,
तसा वास, फक्त जरा कुजका.

मग भर वैशाखात
खत आणि पाला त्या चार गुंठ्यांत कालवला,
काशी आगिवलेच्या मोटारीचं रात्रभर पाणी सोडलं
(त्याबदल्यात तिच्याकडे तीन दिवस खणती).
पीक नाही, पाऊस नाही,
बाई रिकाम्या खाचराला पाणी पाजते,
हे बघायला माणसं बांधावर उभी होती.
दुपारी मातीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.
आत काय चाललं होतं, कुणाला दिसलं?

मुरबाडच्या शिबिरात एका मुलीने सगळं सांगितलं होतं.
बुरशांची नावं लांबलचक, मी विसरले.
राहिलं ते एवढं:
माती मारायची नाही, मातीत गर्दी करायची.
चांगल्यांची वस्ती दाटली
की वाईटाला बूड टेकायला जागा उरत नाही.

माझ्या वहीत रेवा डोकावते.
कोपऱ्याच्या नकाशावर मी लिहिलेलं असतं, मर.
ती पेन्सिलीने खाली उकार काढते: मुर.
"पाणी मुरलं ना तिथं? मग तसं लिही."
मी खोडलं नाही.
लोणचं मुरतं. खत मुरतं.
आमच्या तालुक्याचं पहिलं अक्षरसुद्धा तेच.
ताप पण अंगात मुरतो, म्हणून
शब्दावर फार विसंबू नये.

पौषात मोजदाद केली.
गेल्या साली त्या कोपऱ्यातून
एकशे चाळीस झाडं उपटली होती.
औंदा एकतीस.
आत्याबाईंनी आकडा विचारला नाही.
ती एकतीस झाडं कवेत घेतली,
चुलीची वाट सोडून नव्या ढिगाकडे वळल्या,
सळई बाहेर ओढली, चटका बसला,
आणि ढिगाला अशी एक शिवी दिली
जी आजवर फक्त घरच्या माणसांना मिळाली आहे.

ती मी वहीत उतरवली नाही.